आधी रिंग घाला

म्हैसूरच्या नंजुमळिगे भागातल्या या घराचा खालचा मजला आम्ही भाड्यानं घेतला, तेव्हा घरमालक काय करतात असं मी नवऱ्याला विचारलं. शरदचंद्र म्हणाला, शिंपी आहेत, तीन पिढ्या म्हैसूरचेच, आणि घरात मराठी बोलतात. मला बरं वाटलं. शिंप्याचं घर म्हणजे फार तर मशीनचा आवाज येईल, त्याला माझी काही हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा स्पीकर अचानक घुरघुरायला लागला आणि त्या घुरघुरीतून एक पुरुषी आवाज कन्नडमध्ये कुणाला तरी शुभोदय म्हणाला.

राग माझ्या नाकावरच असतो. त्यात मी अमेरिकेतल्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा इकडे सकाळ, म्हणजे माझी शाळा भरते ती नेमकी त्याच वेळी. बाराखडी चालू असताना एका मुलीनं मला विचारलं, टीचर, तुमच्या घरात भुंगा शिरलाय का? तास संपल्यावर मी पदर खोचला आणि भांडायला वर गेले.

वरच्या पुढच्या खोलीत एका भिंतीला शिलाई मशीन होतं आणि त्यावर घरमालकीण मालतीबाई ब्लाऊजच्या रंगाचा दोरा जुळवत बसल्या होत्या. समोरच्या भिंतीला एक जुनं टेबल, टेबलावर रेडिओचा सेट, आणि त्याच्यापुढे गळ्यात शिंप्याची टेप अडकवलेले घरमालक वासुदेवराव. सत्तरी ओलांडलेले, किडकिडीत, डोळ्यांवर चष्मा आणि कपाळावर दुसरा चष्मा. तुमचा आवाज माझ्या स्पीकरमधून येतो, असं मी शक्य तेवढ्या रागानं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अय्यो, तुमच्या स्पीकरात येतोय होय? चन्नागि येतोय, छान, का स्वल्प फाटतोय?"

मी भांडायला आले होते आणि हा माणूस मला स्वतःच्या आवाजाची प्रत विचारत होता. मालतीबाईंनी मान वर न करता सांगितलं की आधी काफी घ्या, भांडण काय, पळून जात नाही. काफी झाल्यावर वासुदेवराव खाली आले, माझ्या स्पीकरची वायर त्यांनी एका काळ्या कड्याभोवती गुंडाळली आणि निम्मी घुरघुर गेली. उरलेल्या निम्म्या घुरघुरीबद्दल मी पुढे दर महिन्याला तक्रार करत राहिले. प्रत्येक तक्रारीला मला वरून बशीभर कोडबळी, म्हणजे इकडची तिखट कडबोळी, यायची, त्यामुळे तक्रार सोडून देणं मला परवडण्यासारखं नव्हतं.

वासुदेवरावांचं सगळं आयुष्य गणवेश शिवण्यात गेलं. हेब्बाळच्या कारखान्यांतल्या वॉचमनचे, कंपनीच्या बसड्रायव्हरांचे, शाळांच्या बँडपथकांचे. तरुणपणी एका निवृत्त फौजी अधिकाऱ्यानं आपल्या रेडिओसाठी कॅनव्हासची खोळ शिवायला टाकली, ती द्यायला हे त्याच्या घरी गेले आणि तिथेच अडकले. कुठे म्हैसूर, आणि त्या खोक्यातून कुणी कोलंबोचा, कुणी जपानचा माणूस सरळ बोलत होता. मग त्यांनी अभ्यास केला, सरकारी परीक्षा दिली, लायसन मिळवलं. परीक्षेसाठी लागणारा मोर्स, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांची भाषा, त्यांनी मशीनच्या पायट्यावर पाय मारत पाठ केला. त्या काळात शिवलेल्या विजारींची शिवण कुठे जवळ, कुठे लांब पडायची असं मालतीबाई सांगतात. ते वासुदेवरावांना मान्य नाही.

या हौशी रेडिओवाल्यांचं रोज सकाळी एक नेट असतं. हे नेट म्हणजे इंटरनेट नव्हे. ठरलेल्या वेळी सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर येतात, एकजण हजेरी घेतो, बाकीचे आपापलं नाव आणि गाव सांगतात, हवा कशी आहे, गुडघा कसा आहे हे बोलतात आणि आपल्या कामाला लागतात. हजेरी घेण्याचं काम वर्षानुवर्षं वासुदेवरावांचं. मडिकेरीला अनंतकृष्ण म्हणून त्यांचे मित्र आहेत, कॉफीचा लहानसा मळा असलेले. इतक्या वर्षांत दोघं समोरासमोर मोजक्या वेळाच भेटले असतील, पण अनंतकृष्णांच्या खोकल्यात बदल झाला की वासुदेवरावांना तो आधी कळायचा आणि त्यांच्या घरच्यांना नंतर.

म्हैसूरच्या रेडिओवाल्यांमध्ये वासुदेवरावांची खरी ओळख होती ती पीएलसाठी. अँटेनाकडून सेटकडे येणाऱ्या जाड काळ्या केबलच्या टोकाला जो धातूचा जोड बसवतात, त्याला ही मंडळी पीएल म्हणतात. तो सोल्डरनं जोडायचा असतो आणि तो नीट जोडला नाही तर लाखभर रुपयांचा सेटही मुका. सगळ्या गावाचे पीएल वासुदेवराव लावून द्यायचे. त्याचे दोन भाग असतात. आतला भाग केबलला कायमचा चिकटतो, आणि बाहेरून आट्यांची एक रिंग असते, ती फिरवून जोड सेटवर घट्ट बसवायचा. आता गंमत अशी की ही रिंग मागून, केबलवरूनच यावी लागते. म्हणून ती आधी केबलमध्ये ओवून ठेवायची आणि मग सोल्डर करायचं. ती ओवायला विसरलात आणि सोल्डर करून बसलात की संपलं. कितीही सुंदर जोड असो, कापून टाकायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. ही चूक जगातला प्रत्येक रेडिओवाला करतो म्हणे, आणि करून झाल्यावर कुणाला सांगत नाही.

म्हणून वासुदेवरावांनी नेटवर एक नियम केला होता. ज्याची रिंग राहिली, त्यानं दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी ते स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगायचं. कारणं द्यायची नाहीत, फक्त सांगायचं. मी खालून ऐकायची ना! कुणीतरी बापडा पडक्या आवाजात कबुली द्यायचा, मग वरून वासुदेवरावांचं खदाखदा हसणं, आणि मग ठरलेलं वाक्य: आधी रिंग घाला, मग बाकीचं बघा. त्यांची स्वतःची रिंग मात्र आजवर कधीच राहिली नव्हती. हे ते सांगायचे, आणि वरचेवर सांगायचे.

त्या खोलीत आणखी एक कायदा होता, तो मालतीबाईंचा. त्यांच्या कापडाच्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही. लग्नानंतर लगेचच वासुदेवरावांनी त्या कात्रीनं केबलची तांब्याची जाळी कापली होती. त्यावरून जे झालं ते दोघंही अजून हलक्या आवाजात सांगतात. तेव्हापासून कात्री हिची आणि सोल्डरिंगचं आयर्न ह्यांचं, अशी खोलीची वाटणी झाली. एकाच खोलीत पाठीला पाठ लावून दोघांनी संसार केला, पण तिनं कधी आयर्न उचललं नाही आणि त्यांनी कधी कात्री मागितली नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास वासुदेवरावांना पक्षाघाताचा हलका झटका आला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. बोलणं शाबूत होतं, चालता येत होतं, फक्त उजवा हात थरथरत राहिला. ते दवाखान्यात असतानाच दसऱ्याच्या आधीचं रंगकाम निघालं, आणि रंगाऱ्यांनी भिंत मोकळी करताना खिडकीतून आत आलेली केबल जोरात ओढली. पीएल उपटून आला. वरचं टोक गच्चीवर अँटेनाला पक्कं होतं, खालचं टोक नुसती जाळी लोंबत खिडकीत पडलेलं.

घरी आल्यावर त्यांनी ते स्वतः जोडायचा प्रयत्न केला. एकदा, मग परत एकदा. सोल्डरचे थेंब टेबलावर, एक डाग खिडकीच्या नव्या रंगावर, एक बोटावर. मग त्यांनी आयर्न गुंडाळून ठेवलं. गावातल्या कुणालाही सांगितलं असतं तर धावत आला असता, पण ज्यांचे पीएल आपण लावून दिले त्यांच्यापुढे आपली केबल कशी धरायची, हे काही त्यांच्या गळी उतरेना. रक्षित नावाचा हेब्बाळच्या कंपनीतला इंजिनिअर आहे, त्यांच्याकडेच शिकून लायसन मिळवलेला, फार गोड मुलगा. तो म्हणाला, सर, दोन्ही बाजूंना पीएल लावलेली तयार केबल मिळते, मी आणतो. ही गोष्ट त्यानं शिंप्याच्या घरात बोलायला नको होती. वासुदेवराव त्याला म्हणाले, या घरात रेडीमेड शिरत नाही, आणि तोंड फिरवून बसले.

नेट अनंतकृष्ण चालवायला लागले. माझा स्पीकर स्वच्छ झाला. आधी काही दिवस मी खूश होते, खोटं कशाला सांगू. मग मला तास घेताना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. वर फक्त मशीनचा आवाज यायचा, तोही मध्येच थांबायचा. एकदा मालतीबाई जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, हवेवर बोलणं गेलं तसं घरातलंही गेलं. जेवायला बसले की हौदु किंवा बेड, एवढंच. हो किंवा नको. आपल्याला तिसरा शब्द ऐकून महिना झाला, असं त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं.

आणि एका बुधवारी वासुदेवरावांनी जाहीर केलं की सेट रक्षितला देऊन टाकायचा. पैसे नकोत, काही नको, रविवारी सकाळी ये आणि घेऊन जा, असं त्यांनी त्याला फोनवर सांगूनही टाकलं. रक्षितनं नको नको म्हटलं, पण म्हाताऱ्याचा आवाज ऐकून शेवटी हो म्हणाला. मालतीबाई त्याच दुपारी खाली आल्या. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, सेट गेला की हा माणूस खिडकीत बसेल आणि बसूनच राहील, मला माहीत आहे. मग विचारलं, शनिवारी तुम्हाला वेळ आहे का, मला धरायला तिसरा हात लागेल.

शनिवारी मी वर गेले तर त्यांनी मशीन बंद केलं होतं, वर जाड कापड अंथरलं होतं आणि दिव्याची मान खाली ओढली होती. वासुदेवराव खिडकीशी. मालतीबाईंनी विषय काढला तो असा काढला, की मी मनात त्यांना हात जोडले. "अहो, हूक न लावता ब्लाऊज गिऱ्हाइकाला दिलाय का आपण कधी?"

ते म्हणाले, नाही. मग रक्षितला तुटक्या केबलचा सेट कसा द्यायचा, असं मालतीबाईंनी विचारलं. देणाऱ्यानं नीट करून द्यायचं असतं. ते म्हणाले, रक्षित स्वतः लावून घेईल. त्या म्हणाल्या, म्हणजे नवरदेवानं आपला शर्ट आपणच शिवायचा? वासुदेवरावांनी थरथरता हात दुसऱ्या हातात धरला आणि म्हणाले, कोण करणार? "तुम्ही सांगा," मालतीबाई म्हणाल्या, "मी करते."

मला वाटलं आता भडका उडणार. वासुदेवरावांनी तिच्या हातांकडे बघितलं. मग उठले, खुर्ची ओढत मशीनपाशी आणली, गुंडाळून ठेवलेलं आयर्न काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. मालतीबाईंनी नवा पीएल सुटा केला आणि ज्या डब्याच्या झाकणात त्यांच्या बॉबिनी असतात, त्यात त्याचे सुटे भाग ठेवले. मी केबल धरली आणि काम सुरू झालं.

सुरुवातीला वासुदेवरावांनी तिला एका टाकाऊ तुकड्यावर करायला लावलं. पहिला जोड राखेसारखा मळकट आला. मालतीबाईंनी गरम सोल्डरवर फुंकर मारली होती, दुधावर मारतात तशी. वासुदेवराव ओरडले की फुंकायचं नाही, हलवायचं नाही, आपोआप गार होऊ दे. दुसऱ्यात तिनं आयर्न इतका वेळ टेकवलं की आतलं पांढरं प्लास्टिक वितळून बाहेर आलं. त्यांचा आवाज चढत गेला. तिचाही चढत गेला. मी केबल धरून मध्ये उभी, आणि मला कळत होतं की या घरात महिन्याभरानं हौदु आणि बेडच्या पलीकडचे शब्द बोलले जातायत. तिसरा जोड चकचकीत उतरला. वासुदेवरावांनी टाकाऊ तुकडा बाजूला सारला आणि खरी केबल पुढे ओढली.

खऱ्या केबलची साल तिनं सोलली ती मला बघतच राहावीशी वाटली. ब्लाऊजची उलटी शिवण उसवताना खालच्या कापडाचा दोराही हलत नाही, तसं ते होतं. तांब्याच्या जाळीची एकेक तार तिनं बोटांनी विंचरून सरळ केली, एकही सुटी ठेवली नाही, कारण एक तार जरी आत वाकली तरी सगळं शॉर्ट होतं हे ती वर्षानुवर्षं पाठीमागून ऐकत आली होती. जाळीला सोल्डरचा पातळ हात दिला, मधल्या तारेला दिला, आतला भाग केबलवर फिरवत चढवला. मग जोडाच्या बारीक भोकांतून एकेक थेंब. वासुदेवराव वाकून बघत होते आणि अगदी हळू सांगत होते, थांब, अजून, आता काढ. शेवटचा थेंब टोकाच्या दांडीत गेला आणि ती गार होईपर्यंत मी केबल जराही हलू दिली नाही.

वासुदेवरावांनी मीटर लावून बघितला. शॉर्ट नाही, जोड पक्का. त्यांनी पीएल दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिला. "भारी झालंय, मालती," ते म्हणाले. मालतीबाई लाजल्या. मग वासुदेवरावांनी केबल डाव्या हातात घेतली, सेटच्या मागे नेली, जोड आत सरकवला आणि रिंग फिरवायला बोटं मागे नेली. बोटं तिथेच थांबली.

रिंग नव्हती. मी झाकणाकडे बघितलं. चार बॉबिनी होत्या आणि त्यांच्यात एक जास्तीची गोल चकचकीत बॉबिन होती.

मला हसू येत होतं आणि हसायची छाती होत नव्हती. वासुदेवराव मटकन खुर्चीत बसले. एवढ्या वर्षांत एकदाही झालं नाही, असं ते पुटपुटले. नियम करणारा मी, सांगायला बसलेला मी, आणि तिला रिंग घालायला सांगायचं विसरलो. मेंदूच गेला माझा, देऊन टाका तो सेट, उद्या कशाला, आत्ताच रक्षितला बोलवा. इतका वेळ चाललेली सगळी मजा एका क्षणात धुऊन गेली आणि मला भीती वाटली की आता हा माणूस खरोखर खिडकीत जाऊन बसणार.

मालतीबाई उठल्या. मशीनच्या खालच्या खणातून त्यांनी बटणांचा डबा काढला, मोठा, बिस्किटांचा पत्र्याचा. झाकण उघडून त्यांनी तो अंथरलेल्या कापडावर उपडा केला. शर्टाची बटणं, कोटाची बटणं, हूक, टिचबटणं सगळीकडे पसरली. आणि त्यात, बोटभर केबलच्या शेपट्यांसकट, पाच-सहा पीएल. कापून टाकलेले. सगळे सुंदर सोल्डर केलेले, काही जुने काळवंडलेले, एक अगदी अलीकडचा. एकावरही रिंग नव्हती.

वासुदेवरावांनी एक उचलला, बघितला, खाली ठेवला. दुसरा उचलला.

त्यांचा हिशेब असा होता की चूक झाली की तुकडा कापायचा आणि मालतीबाईंच्या चिंध्यांच्या पिशवीत तळाला खुपसायचा. चिंध्या जातात तिथे तोही जाईल. पण चिंध्या कुठे जातात हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मालतीबाई त्या निवडून गोधडीत भरतात, एकेक हातात घेऊन, सुईचं टोक राहिलं असेल म्हणून. त्यांना प्रत्येक तुकडा त्याच आठवड्यात मिळाला होता. धातूचं आहे, कशाला टाका, म्हणून त्यांनी तो बटणांत ठेवला. आणि दर वेळी सकाळी नेटवर नवरा दुसऱ्या कुणालातरी खदाखदा हसायचा, तेव्हा त्या पाठ करून ब्लाऊज शिवत राहिल्या.

वासुदेवरावांनी विचारलं, बोलली का नाहीस? मालतीबाई बटणं गोळा करत होत्या. "बोलून काय करायचं होतं? तुम्ही खूश होतात ना."

आधी मला वाटलं ते चिडतील. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसू आतून यायला वेळ लागला, पण आलं तेव्हा खोकला लागेपर्यंत आलं, आणि मग मालतीबाईही हसायला लागल्या आणि मीही, आणि खालून शरदचंद्र विचारायला लागला की झालं काय. दवाखान्यातून आल्यापासून ते हसले नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं होतं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

जोड कापावा लागला. मालतीबाईंनी वायर कापायची पक्कड मागितली, तेव्हा वासुदेवराव म्हणाले कात्रीनं काप ना, आणि तिनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी मुकाट्यानं पक्कड दिली. दुसरा पीएल घेतला, आणि या वेळी सर्वांत आधी रिंग ओवली. ओवल्यावर तिघांनीही एकेकदा ओढून बघितली. जोड पुन्हा भारी झाला. फक्त एवढी कापाकापी झाल्यावर केबल टेबलापर्यंत पोचेना, ती येऊन थांबत होती मशीनपाशी. वासुदेवराव म्हणाले नवी केबल लागेल. मालतीबाईंनी मशीन जरा सरकवलं आणि म्हणाल्या, सेट इथं आणा, मला चालतो.

रविवारी सकाळी माझा तास नसतो, मी काफीच्या वेळी वरच होते. रक्षित सेट न्यायला म्हणून आला, खोक्यात भरायला जुन्या चादरीही घेऊन आला. आत आला तर सेट चालू, अनंतकृष्णांचा खोकरा आवाज हजेरी घेत होता आणि वासुदेवराव डाव्या हातात माइक धरून मशीनच्या बाजूला बसलेले. त्यांनी रक्षितला हातानं बस म्हणून खुणावलं. मालतीबाई सुईत दोरा ओवत होत्या.

हवेवर आपला नंबर आल्यावर वासुदेवरावांनी आपलं नाव सांगितलं. अनंतकृष्ण एकदम म्हणाले, वासुदेव, तूच का? तूच का रे? वासुदेवराव म्हणाले, बाकी सगळं नंतर, आधी नियम. आणि त्यांनी कन्नडमध्ये, अगदी सावकाश, सांगितलं. काल रिंग राहिली. जोड माझ्या बायकोनं केला, तो उत्तम झाला, विसरलो मी. आणि याआधीही माझी रिंग राहिलेली आहे, पुष्कळदा राहिलेली आहे, आणि मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला हसत राहिलो. हे सगळं आमच्या घरात एका माणसाला माहीत होतं आणि तिनं ते पोटात ठेवलं. एवढं बोलून त्यांनी माइकचं बटण सोडलं.

मालतीबाईंच्या सुईतून दोरा निसटला. त्यांनी तो परत ओवायला घेतला, आणि परत निसटला.

मला वाटलं आता सगळे मिळून त्यांची चेष्टा करणार, आणि मी मनातल्या मनात भांडायला तयार झाले. मग अनंतकृष्ण खाकरले. म्हणाले, नियम निघालाच आहे तर, माझ्याही काही सांगायच्या राहिल्यात. त्यांच्यामागून हासनचे एक डॉक्टर बोलले. मग मंगळूरचा एक बँकवाला. एकामागून एक सगळे आपापल्या लपवलेल्या रिंगा सांगायला लागले, हजेरी बाजूला राहिली आणि नेट संपायची वेळ कधीच उलटून गेली. शेवटी अनंतकृष्णांनी विचारलं की आवाज इतका स्वच्छ येतोय, पीएल कुठून आणलास? "रेडीमेड नाही," वासुदेवराव म्हणाले. "घरी शिवलाय." आणि पुढच्या आठवड्यापासून हजेरी पुन्हा आपण घेणार असंही सांगून टाकलं.

सेट बंद झाल्यावर रक्षित चादरींची घडी मांडीवर घेऊन बसला होता. न्यायचा का, असं विचारायचं कसं हे त्याला समजेना. वासुदेवरावांनी त्याला चादरी कशाला आणल्यास म्हणून विचारलं. तो म्हणाला, सर, सेट. वासुदेवराव म्हणाले, कुठला सेट? आणि मालतीबाईंनी त्याच्यापुढे काफी आणि कोडबळी ठेवली, म्हणजे तो विषय मिटला. रक्षितला इतका आनंद झाला की तो सगळी कोडबळी एकटा खाऊन गेला. माझ्या वाट्याला एकही आलं नाही.

आता दर रविवारी नेट झालं की खाली गल्लीत एखादी दुचाकी थांबते. जिन्यात ब्लाऊजपीस घेतलेल्या दोन बायका आणि त्यांच्यामागे काळ्या केबलचं वेटोळं खांद्यावर घेतलेला कुणीतरी, असे एका रांगेत उभे असतात. मालतीबाई सगळ्यांना सारख्याच आवाजात गुरुवारी या म्हणतात. त्यातला पहिला आला तो रक्षित. स्वतःची केबल घेऊन, एक टोक सोललेलं, टोकाला जाळी नीट विंचरलेली, आतला भाग चढवून तयार आणलेला, फक्त सोल्डर करायचा ठेवलेला. आपण काय शिकलो हे दाखवायची त्याला हौस होती. मालतीबाईंनी चष्मा चढवला, केबल हातात घेतली आणि आयर्नकडे हात नेण्याआधी त्याला कन्नडमध्ये विचारलं की रिंग कुठे आहे.

रक्षितनं केबलकडे बघितलं. मग त्यानं पँटच्या खिशात हात घातला आणि रिंग बाहेर काढली. मशीनशेजारी बसलेल्या वासुदेवरावांनी माइक उचलला आणि उद्याच्या हजेरीची वाट न बघता सेट चालू केला, आणि खाली माझा स्पीकर घुरघुरायला लागला.